‘ज्याअर्थी’च्या पोटात काय?



इंग्रजी आम्हांला शाळेने शिकवले नाही; ते आम्ही करारनाम्यांच्या कागदांवर शिकलो. त्या कागदांच्या माथ्यावर एक जुना शब्द बसलेला असतो : ‘व्हेअरॅज’. आज त्याची थोडी झडती घेऊ.

हे उभयान्वयी अव्यय ‘व्हेअर’ म्हणजे ‘जेथे’ आणि ‘अ‍ॅज’ या दोन शब्दांच्या सांध्यातून झाले. चौदाव्या शतकात त्याचा अर्थ ‘ज्या ठिकाणी’ असा होता. पुढे ‘अशी परिस्थिती असल्यामुळे’ हा कारणाचा अर्थ आला. ‘हा असा, उलट तो तसा’ हा विरोधाचा अर्थ त्यानंतरचा. आजच्या इंग्रजीत मुख्यतः तोच चालतो. कारणाचा अर्थ कायद्याच्या आणि ठरावांच्या कागदांत टिकून राहिला. आपल्याकडे तेथे ‘ज्याअर्थी’ येते आणि मागोमाग ‘त्याअर्थी’.

आता गंमत पाहा. १७९९ साली ब्रिटिश पार्लमेंटने कामगारांच्या एकजुटीवर बंदी घालणारा कायदा केला. त्याचा आरंभ याच शब्दाने होतो : ज्याअर्थी पुष्कळ कारागीर बेकायदा सभा भरवून मजुरी वाढवून घेऊ पाहत आहेत! मजुरीसाठी एकत्र येणे हा गुन्हा का, हाच तर वादाचा प्रश्न होता. पण ‘ज्याअर्थी’त घालून तो सिद्ध झाल्यासारखा मांडला. १८२४ साली ती बंदी उठली. पुढे १९२६ साली हिंदुस्थानात ट्रेड युनियन अ‍ॅक्ट झाला. त्याच्या आरंभीही तोच शब्द : ज्याअर्थी कामगार संघांच्या नोंदणीची तरतूद करणे इष्ट आहे. शब्द एकच, एकदा आमच्या दाराला कुलूप, एकदा किल्ली.

करारात बंधन घालतात ती खालची कलमे. कलम स्पष्ट असेल तर कलमाचेच चालते. ते संदिग्ध असेल तर अर्थ लावताना वरच्या ‘ज्याअर्थी’कडे पाहिले जाते. म्हणून ‘ज्याअर्थी कारखान्याला तोटा होत आहे’ हे वाक्य हिशेब पाहिल्याशिवाय मान्य करू नये. उद्या बोनस मागताना तेच आडवे येईल. ‘ज्याअर्थी कामगारांनी उत्पादन वाढविले आहे’ हे खरे असेल तर आग्रहाने लिहून घ्यावे, आणि तेवढ्यावर न भुलता खाली पगाराचे कलमही मागावे.

आपण सारेच कामगार नसाल. पण घरभाड्याचा करार, सोसायटीचा ठराव आपल्यापुढेही येतोच. तेथे ‘त्याअर्थी’कडे धावण्याआधी ‘ज्याअर्थी’ला एकदा विचारा : बाबा रे, तू म्हणतोस ते खरे का? मग सही करा.