बागेला ताण, माणसाला उसंत

डिसेंबर सरताना वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत नवखा पाहुणा शिरला, तर त्याला वाटेल मालक बाग टाकून गेला. पानं निस्तेज, कडा आत वळलेल्या, आळ्यातली माती तडकलेली, बुडाशी पिवळ्या पानांचा सडा. विहिरीला पाणी असतं, मोटारही धड असते, तरी पाणी सोडत नाहीत. बाग ताणावर असते.

आंबिया बहार धरायचा तर हे करावंच लागतं. हलक्या जमिनीत साधारण महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने पाणी तोडतात. थंडीही मदतीला येते. झाडाची वाढ थांबते, पण पानं अन्न करणं अगदीच सोडत नाहीत. ते अन्न वाढीवर खर्च न होता फांद्यांत साठतं. जानेवारीत खत घालून पहिलं हलकं पाणी दिलं की त्या साठ्यावर नवती आणि फुलं एकदम फुटतात. मध्येच अवकाळी बरसला आणि ताण मोडला, तर नुसती पालवी माजते, फूल विरळ. पावसाळ्यातला मृग बहारही त्याच झाडाकडून घ्यायचा हव्यास केला, तर पुढे बागेत सल वाढते, म्हणजे वाळक्या काड्या. मग कात्री घेऊन त्या काढत बसायचं.

बाहेरून बघणाऱ्याला ताण आणि दुष्काळ सारखेच दिसतात. २०१९ च्या उन्हाळ्यात याच पट्ट्यात विहिरी-बोअर आटले आणि कित्येक बागा उभ्या वाळल्या. पाणी तिथेही बंदच होतं. पण ते पुन्हा कधी सुरू होणार, हे मालकाच्या हातात नव्हतं. विश्रांतीबद्दल बोलताना हा फरक फार सोयीस्करपणे विसरला जातो.

अकोल्याकडे हव्यासाची हीच गोष्ट कपाशीची. डिसेंबरअखेर वेचण्या उरकून पऱ्हाटी उपटा, शेत मोकळं करा, असं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. पण भाव बरा असला, एखादं ओलीत साधलं, की पऱ्हाटी तशीच ठेवून पुन्हा बोंडं धरू देतात. ही फरदड. थोडा कापूस हाती लागतो, नाही असं नाही. पण त्याच बोंडांवर गुलाबी बोंडअळी पोसली जाते. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भातली बीटी कपाशी पोखरली, तेव्हा फरदडीचं नाव पुढे आलंच. गंमत अशी की ही अळी स्वतः विश्रांतीत पटाईत. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोटात ती महिनोन्‌महिने निपचित पडते आणि हंगाम आला की पतंग होऊन बाहेर येते. त्या वेळी शेतात कपाशीच नसली तर तिची साखळी तुटते, असली तर तिची चंगळ.

अमरावतीच्या अभ्यासिकांतही फरदड चालते. स्पर्धा परीक्षेत दोन गुणांनी हुकलेला मुलगा निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत, त्याच नोट्स उघडून बसतो. ‘महिनाभर गावी जाऊन ये,’ असं सांगणं सोपं. खोलीचं भाडं चालूच असतं आणि घरून फोन येतो, ‘यंदा तं होईन ना रे बापू?’

कोरडवाहू वऱ्हाडात मातीला उन्हाळ्याची उसंत लागतेच. काळी जमीन तडकते आणि पहिला पाऊस त्या भेगांतून खोल मुरतो. पण कपाशी निघाल्यापासून मृगापर्यंत मजुराच्या चुलीचं काय? महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मुळाशी अशा रिकाम्या महिन्यांचा हा प्रश्न होता. ऋतुचक्राची थोरवी गाणाऱ्या भाषणांत तो क्वचितच येतो.

मेळघाटातल्या कोरकू आदिवासींनी यातून आपल्यापुरती वाट काढली आहे. पावसाळी शेती आटोपली की धारणी-चिखलदऱ्याकडची कित्येक कुटुंबं बांधकामावर, वीटभट्टीवर बाहेर पडतात. होळीला मात्र गावी परततात. कितीतरी दिवस ढोल-बासरी चालते, रस्त्यात गाड्या अडवून फगवा मागितला जातो, गाठीचे पैसेही खर्च होतात. काटकसर शिकवणाऱ्यांना ही उधळपट्टी वाटते. ठेकेदारही कुरकुरतो, पण भिंत अर्धी झालेली असली तरी तेवढे दिवस ती अर्धीच राहते.