चाळीतला मुंजा



भुतांची ओळख बुरोंडीच्या श्रोत्यांना करून द्यायला नको. वेताळ, हडळ, चकवा ही नावे कोकणातल्या मुलाच्या कानांवर मुळाक्षरांच्या आधीच पडतात. आज यांपैकी एकाविषयीच बोलतो. तो म्हणजे मुंजा.

मुंजा कोण? मुंज झाली, पण सोडमुंज होण्यापूर्वीच जो वारला, त्याचे हे भूत. त्याचे बिऱ्हाड पिंपळावर. लहानपण सरले, मोठेपण लाभले नाही, असा मधेच अडकलेला जीव! मुंज एका वर्गाची असेल. असे अडकणे मात्र कोणाही मुलाच्या वाट्याला येते.

आपली माणसे गिरण्यांत गेली तेव्हा ही भुतेही वळकटीबरोबर मुंबईस गेली. तेथे पिंपळ नसला तर जिन्याखालचा काळोख होता. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक. अशा खोलीत वाढत्या मुलाला अभ्यासाला कोपरा नाही, की रडायलाही नाही. मग तो रात्री जिन्यावर बसतो आणि सोबत्यांच्या भुताच्या गोष्टी ऐकतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे कित्येक गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत. बाप घरी बसलेला, शाळेची फी थकलेली, नोकरीचे वय झालेले नाही, अशा पंधरा वर्षांच्या मुलाला बंद गिरणीच्या अंधारात भूत न दिसते तरच नवल!

अशा वेळी वडीलधारे काय करतात? कोणी हसतात, कोणी भगताकडे नेतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच झाले. परंतु कायदा मार थांबवील. मुलाची भीती कोण ऐकून घेणार?

माझे सांगणे एवढेच. मुलगा म्हणाला, “जिन्यावर काहीतरी आहे,” तर दिवा घेऊन त्याच्याबरोबर जा. कदाचित तेथे त्याला छळणारा कोणी दांडगट असेल. कोणीच नसेल, तर तेथेच पायरीवर बसा आणि विचारा, “बाळ, तुझे कसे चालले आहे?” भूत खरे की खोटे हा वाद उद्यावर टाकता येईल. मुलाची भीती आजची आहे.

सोडमुंज मुलाला स्वतःची स्वतः करता येत नाही. ते काम वडीलधाऱ्यांचे आहे.