रव्याची भाकरी: अल्जीरियाची केसरा

आज भाकरीबद्दलच बोलायचं आहे, पण आपल्या ज्वारी-बाजरीच्या नाही. आफ्रिका खंडाच्या उत्तर टोकाला, समुद्राला लागून मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशिया हे देश आहेत. त्यातल्या अल्जीरियातल्या बाया घरी जी भाकरी करतात, ती आम्ही गटातल्या जणींनी या महिन्यात तीन-चारदा करून पाहिली. तिला यीस्ट लागत नाही, भट्टी लागत नाही. रवा, तेल, मीठ, पाणी आणि आपला रोजचा तवा.

तिचं नाव केसरा. अरबीतल्या 'मोडणं' या शब्दावरून ते आलंय, म्हणजे मोडून खायची ती केसरा. तिथल्या कबिली डोंगरातले लोक त्यांची स्वतःची जुनी भाषा बोलतात, ते भाकरीला अघ्रुम म्हणतात.

तिकडचा रवा कडक, पिवळसर गव्हाचा असतो. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातकुळीतला. कुणाच्या शेतात बन्सी असेल तर गिरणीत रवाळ दळून आणा, उत्तम. नसेल तर दुकानातला रवा चालतो, आम्हीही तोच वापरला. फक्त निम्मा बारीक आणि निम्मा जरा जाड घ्या. नुसत्या जाड रव्याची भाकरी भुगा होते.

अर्धा किलो रव्याला शंभर मिली तेल आणि चमचाभर मीठ. तिकडे ऑलिव्हचं तेल घालतात, कारण घरोघरी ती झाडं. आपण शेंगदाण्याचं घालू. तेल कोरड्या रव्यातच ओतायचं आणि दोन्ही तळहातांनी रवा चोळायचा, शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसा. प्रत्येक कणाला तेल लागलं पाहिजे. इथे घाई केली तर पुढे भाकरी चिवट होते. मग कोमट पाणी थोडं थोडं घालत मळायचं. साधारण पाव लिटर पाणी लागतं, पण रव्यारव्याचा फरक असतो, म्हणून एकदम ओतू नका. गोळा हाताला न चिकटता एकत्र आला की झाकून पंधरा मिनिटं ठेवा. तेवढ्यात रवा पाणी पितो आणि फुगतो.

या गोळ्याच्या दोन मोठ्या किंवा तीन बेताच्या भाकरी होतात. हाताने थापा किंवा लाटा, पण जाडी करंगळीएवढी ठेवा. तवा आधी चांगला तापवायचा आणि भाकरी टाकली की आच मंद करायची. तिकडे यासाठी मातीचा किंवा बिडाचा खास तवा असतो, त्याच्या पाठीवर बारीक उठाव असतात, म्हणून भाकरीवर ठिपके उमटतात. वरून काट्याने टोचे मारा, म्हणजे वाफ निघून जाईल. एक बाजू पाच-सात मिनिटं, मग दुसरी. त्यानंतरची गोष्ट आम्हाला फार आवडली. भाकरी उभी धरायची आणि चाकासारखी तव्यावर फिरवत तिची कडाही शेकायची. जाड भाकरीची कड कच्ची राहते, त्यावर त्या बायांनी काढलेला हा उपाय. आपल्या थालीपिठालाही तो लागू पडेल.

खायची कशाशी? तिकडे ताकाशी, अंजिराशी, खजुराशी किंवा भाजलेली मिरची आणि टोमॅटो कुटून. हे कुटलेलं म्हणजे आपलं भरीतच की, फक्त वांग्यावाचून! आम्ही ठेच्याशी खाल्ली. जाणत्या बायांना आवडली. मुलांनी गूळ मागितला.

आता गटात पहिला प्रश्न आला तो हाच: विकता येईल का? येईल, पण हिशोब नीट करा. सोलापूरच्या बाया कडक भाकरी लांबच्या गावांना पाठवतात, कारण ती पातळ आणि खडखडीत वाळलेली असते. केसरा जाड असते, आत ओलावा राहतो. आमच्या मते ती दुसऱ्या दिवसापर्यंतच चांगली. तेव्हा ही पाकिटातली वस्तू नाही, ही बाजाराच्या दिवशी ताजी विकायची वस्तू. मोरोक्कोतल्या बायाही रव्याच्या आणि घड्यांच्या भाकऱ्या रस्त्याकडेला तव्यावर करून ताज्याच विकतात. रव्याइतकंच तेलाकडे लक्ष ठेवा, किंमत तेच चढवतं. आणि एका तव्यावर एका भाकरीला दहा-पंधरा मिनिटं जातात, म्हणजे तासाला चार-पाचच. तो तास हिशोबात धरूनच भाव ठरवा. गॅसचे पैसे आपण धरतो, हाताचे धरत नाही.

मोरोक्कोच्या जुन्या शहरांत आणखी एक सोय आहे. तिथली रोजची भाकरी आंबवलेली आणि भट्टीतली. पण भट्टी घरोघरी नसते, मोहल्ल्याची एकच असते. तिला फरान म्हणतात. बाई घरी पीठ मळते, गोळे फळीवर ठेवून वर कापड टाकते आणि मुलं ती फळी फरानवर नेतात. भट्टीवाला थोडे पैसे घेऊन भाजून देतो. एवढ्या घरांच्या भाकरी एकत्र, तरी कुणाची कुठली ते कळावं म्हणून कुणी कुणी आपल्या भाकरीवर खूण करतं. एका जाळात सगळ्या गल्लीची भाकरी! आता गॅस आला, दुकानातून भाकरी आणणंही वाढलं, आणि अशा भट्ट्या कमी होत चालल्या. कुणी त्याबद्दल हळहळतं. आम्ही मात्र नुसती हळहळ करणार नाही. रोज पहाटे पीठ मळणाऱ्या बाईचा तास वाचला तर वाचू द्या. फक्त भाकरी विकत घ्यायची सवय लागली की तिच्या भावाची दोरी दुसऱ्याच्या हातात जाते, हेही खरं.

ट्युनिशियाने ते भोगलंय. तिथे ब्रेडचा भाव सरकार ठरवतं. 1983 च्या शेवटी सरकारने तो एकदम दुप्पट केला. आधी दक्षिणेतली गावं पेटली, मग शहरं, माणसं मेली. 6 जानेवारी 1984 ला राष्ट्राध्यक्ष बुर्गिबांना भाववाढ मागे घ्यावी लागली.

म्हणूनच असेल, त्या भागात भाकरीचा तुकडा कचऱ्यात टाकत नाहीत. रस्त्यात पडलेला दिसला तर उचलून पायाखाली येणार नाही अशा जागी ठेवतात. शिळे तुकडे वेगळ्या पिशवीत जमवून गुराढोरांना घालतात. ट्युनिशियात तर वाडग्यात शिळी भाकरी कुस्करून तिच्यावर हरभऱ्याचा गरम रस्सा ओततात, त्याला लबलाबी म्हणतात. आपल्याकडच्या शिळ्या भाकरीवरही तो छान लागतो. लसूण आणि जिरं सढळ हाताने घाला, वरून लिंबू पिळा.