घरगुती कामासाठीं वेल्डिंगचें यंत्र



लोखंड सांधण्याची कला आतां कारखान्याच्या भिंती ओलांडून घराच्या पडवींत येऊन पोंचली आहे. फाटकाची बिजागरी तुटली किंवा कुंड्यांसाठीं घडवंची हवी झाली, तर तें काम आपल्याच हातीं करावें, अशी हौस अनेक गृहस्थांना वाटते. त्यांच्यापुढें प्रश्न असा कीं, बेताच्या किंमतींत मिग जातीचें कोणतें यंत्र घ्यावें?

जुन्या पद्धतींत कारागिराच्या हातचा रॉड जळून आंखूड होतो व पुनःपुन्हां बदलावा लागतो. मिग यंत्रांत रिळावरील बारीक तार टॉर्चमधून आपोआप पुढें सरकते, विजेच्या ज्योतींत वितळते, आणि भोंवतीं सोडलेला वायु वितळलेल्या धातूला हवेपासून जपतो. ही पद्धति १९४८ च्या सुमारास अमेरिकेंत ॲल्युमिनियमसाठीं निघाली, तेव्हां तिला महाग वायु लागत. पुढें १९५३ पासून स्वस्त कार्बन डायॉक्साइडचा उपयोग होऊं लागला आणि ती लोखंडाच्या साध्या कामालाहि परवडूं लागली.

आतां खरेदीकडे वळूं. खोक्यावर ‘२०० अँपिअर’ असें ठळक छापलेलें असतें व गिऱ्हाईक त्या आंकड्याला भुलतें. शेजारीं बारीक अक्षरांत ३० टक्के असें लिहिलेलें असेल, तर त्याचा अर्थ असा कीं, दहा मिनिटांत तीनच मिनिटें तेवढा प्रवाह घ्यावयाचा व सात मिनिटें यंत्र निवूं द्यावयाचें. हें माप ४० अंश उष्णतेंत घेतलेलें आहे कीं थंड हवेंत, हेंहि विचारावें. विदर्भांतील वैशाखांत त्या फरकाची प्रचीति तत्काळ येते.

शिवाय तो मोठा आंकडा घरांत उपयोगी पडतो काय? २०० अँपिअरला सुमारें २४ व्होल्ट लागतात, म्हणजे ४,८०० वॅट झाले. आपल्या घरचा मोठा पॉइंट १६ अँपिअरचा व वीज २३० व्होल्टांची, म्हणून त्यांतून फार तर ३,६८० वॅट मिळणार. यंत्रांत वायां जाणारी वीज याहून निराळी! उलट, पोलादाच्या दर मिलिमीटर जाडीस सुमारें ४० अँपिअर धरले, तर दीड मिलिमीटरच्या चौकोनी नळीला ६० आणि तीन मिलिमीटरच्या अँगलला १२० पुरतात. तेव्हां १२० अँपिअरवर ६० टक्के टिकणारें यंत्र हेंच घरगुती कामास योग्य होय.

राहिलेला पैसा पुढील गोष्टींवर खर्चावा. टॉर्च सुटी होऊन बदलतां येणारी असावी. पांच किलोचें रीळ बसावें, कारण एक किलोच्या रिळांत तार महाग पडते. टॉर्चची धन-ऋण जोडणी उलटवितां यावी. वायु वापरतांना टॉर्च धन बाजूस लागते, तर वायूशिवाय चालणाऱ्या, पोटांत भुकटी भरलेल्या तारेस ती सामान्यतः ऋण बाजूस लागते. गच्चीवर वाऱ्यानें वायु उडून जातो, तेथें हीच तार उपयोगी पडते.

यंत्र आणण्यापूर्वीं जाणत्या वायरमनकडून घरचें वायरिंग व अर्थिंग तपासून घ्यावें. डोळ्यांसाठीं वेल्डिंगचा मुखवटाच हवा. उन्हाचा चष्मा चालत नाहीं. ज्योत उघड्या डोळ्यांनीं पाहिल्यास वेदना कांहीं तासांनीं सुरू होतात. जस्ताचा मुलामा असलेली नळी घासून स्वच्छ केल्यावांचून सांधूं नये, कारण तिच्या धुरानें ताप भरतो.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतों. उष्णता कमी पडली, तर मिगचा सांधा वरून देखणा दिसतो, पण आंतून धरलेला नसतो. म्हणून त्याच जाडीचे दोन तुकडे आधीं सांधावे, पकडींत धरून वांकवावे व हातोड्यानें तोडून पाहावे. ज्या कठड्याला उद्यां घरांतील मूल टेकून उभें राहणार आहे, तो कठडा अशा परीक्षेंत हात बसेपर्यंत मुरलेल्या कारागिराकडेच सोंपवावा. घडवंची मात्र आजच करावयास घ्यावी. ती मोडली, तर एखादी कुंडीच फुटेल!