भिंतीवर लिहिलेला इतिहास



आपल्याकडच्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर हल्ली वारली चित्रे दिसतात. गेरूच्या रंगावर पांढरी माणसे, त्यांचा फेर आणि मधोमध तारपा वाजविणारा. चित्र सुबक असते, पोरांना आवडते. पण एखाद्या चौकस पोराने विचारले, "गुरुजी, ही माणसं कोण?" तर आपण काय सांगाल? ‘वारली डिझाइन’ एवढेच सांगून भागेल का?

वारली लोक डहाणू, तलासरी, जव्हारच्या डोंगरपट्ट्यात राहतात. त्यांच्याकडे लग्न निघाले की सवाशिणी घरातल्या भिंतीवर चौक लिहितात. हो, ‘काढतात’ नव्हे, ‘लिहितात’ असाच त्यांचा शब्द आहे. रंग म्हणजे तांदळाचे पीठ आणि कुंचला म्हणजे टोक ठेचलेली बांबूची काडी. चौकात पालघट देवी असते. धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. चौकावाचून लग्न नाही. आपल्याकडे लग्नपत्रिका असते ना, तसा हा लेख. पण तो देवाच्या नावाने लिहिलेला.

आता या चौकामागची दुसरी गोष्ट ऐका. याच लग्नाच्या खर्चासाठी वारली माणूस सावकाराकडून कर्ज काढी आणि ते फिटेना म्हणून नवरा-बायको दोघेही त्याच्या घरी राबत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने वारली या वेठीविरुद्ध उठले. गोदावरीबाईंनी ती हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. हे ठाऊक असले म्हणजे भिंतीवरचा तो फेर निराळा दिसू लागतो. एवढे सोसून ही माणसे हातात हात धरून नाचत राहिली, हे त्यात दिसते.

१९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या भागात गेले आणि त्यांनी वारल्यांच्या हाती कागद दिला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे तेव्हा पुढे आले. लहानपणी आई गेली तेव्हा हा मुलगा बोलेनासा झाला होता. मातीत चित्रे काढून तो मनातले सांगे. त्याच हातांनी पुढे शेत, जंगल, मासे धरण्याचे जाळे, वारुळातल्या मुंग्या कागदावर आणल्या. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली त्यांची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. आज गंजाडचेच मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ चित्रांबरोबर त्यामागच्या कथाही देशोदेशी सांगतात. आपली गोष्ट आता ते आपल्या तोंडाने सांगताहेत, हे मला मोठे वाटते.

साधारण याच काळात तिकडे ऑस्ट्रेलियातही असेच घडले, आणि तेही एका शाळेत! त्या देशाच्या मध्यावरच्या वाळवंटी मुलखात पापुन्या नावाची आदिवासी वस्ती आहे. १९७१ साली तिथल्या शाळेत जेफ्री बार्डन नावाचे चित्रकलेचे मास्तर आले. त्यांनी शाळेची भिंत वस्तीतल्या वडीलधाऱ्यांसाठी मोकळी ठेवली. त्या म्हाताऱ्यांनी तिच्यावर मध साठविणाऱ्या मुंगीची, म्हणजे आपल्या पूर्वजांची, कथा रेखाटली. पुढच्याच वर्षी चित्रकारांनी स्वतःच्या मालकीची संस्था काढली. त्या विधींतल्या काही खुणा परक्यांना दाखवायच्या नसतात. म्हणून काय दाखवायचे आणि काय झाकायचे, हेही त्यांचे त्यांनीच ठरविले. पुढे ते भिंतीवरचे चित्र मात्र रंग फासून बुजविण्यात आले. भिंत काय, कोणीही पुसू शकतो. सांगणारी माणसे जागी असली म्हणजे कथा पुसली जात नाही.

आता आपल्या घरी येऊ. जळगाव-जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याला कोरकू आणि निहाल लोक राहतात. कोरकू लोक मृतांच्या स्मरणार्थ लाकडी खांब कोरतात. त्याला ‘मुंडा’ म्हणतात आणि त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार असतात. निहालांची निहाली भाषा तर जगातल्या कुठल्याही भाषाकुळात बसत नाही, असे बरेच अभ्यासक मानतात. ती बोलणारे दोन-अडीच हजारच असावेत असा अंदाज आहे. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव या आपल्या गावांत ती भाषा आजही आहे. परदेशी पंडितांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले, आणि आपल्याला मात्र तिचा एक शब्द येत नाही!

म्हणून गुरुजनहो, एक सुचवितो. शाळेची भिंत रंगवायची वेळ आली म्हणजे वारली चित्र जरूर काढा. पण ते कुणाचे आहे आणि त्यामागे काय आहे, हे मुलांना आधी सांगा. आणि तुमच्या वर्गात कोरकू किंवा निहाल मूल बसत असेल, तर एक भिंत कोरी ठेवा. त्याच्या आजा-आजीला शाळेत बोलवा. बसायला सतरंजी घाला, चहा द्या आणि त्यांना विचारा, "बाबा, तुमची गोष्ट काय?" ते सांगतील ते मुलांना ऐकू द्या. जे सांगणार नाहीत, त्याचा आग्रह धरू नका.

त्या दिवशी वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारे ते पोर पुढे येईल आणि आपल्या आजीचा शब्द न् शब्द इतरांना समजावून सांगेल. हा पाठ कुठल्याही क्रमिक पुस्तकात सापडायचा नाही.