दीड मीटर खोल



या मृदाविज्ञान परिषदेचे अध्यक्षपद मला दिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. यजमान विभागाने सारी व्यवस्था नेटकी ठेवली आहे. गेल्या अधिवेशनानंतर आपल्यातून निघून गेलेल्या ज्येष्ठांना मी अभिवादन करतो.

अध्यक्षाने विषयाचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत आपले विभाग आहेत. नागपुरात १९७६ पासून मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका शेतकऱ्याच्या घरी पोहोचते आहे. रिकाम्या जागा आणि बंद पडलेली उपकरणे यांची रड आपण सगळे रोजच ऐकतो. आढावा इथेच थांबवतो. कित्येक वर्षे मनात साठलेली एकच गोष्ट मला आज बोलायची आहे. आपण मुलांना खड्ड्यात उतरवणे बंद केले आहे.

पदवीच्या प्रात्यक्षिकात मुलाच्या हाती येते ती वाळवलेली, कुटलेली, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेली, डबीतली माती. तो सामू काढतो, वॉकली-ब्लॅक पद्धतीने सेंद्रिय कर्ब काढतो, वहीवर सही घेतो आणि मोकळा होतो. त्या भुकटीत ना थर उरलेले असतात, ना ओल, ना मुळे.

आता आपल्या भारी काळ्या जमिनीत दीड मीटर खणा. ऊन ज्या बाजूवर पडते ती बाजू तासून घ्या आणि तिच्या माथ्यावर कुणाला उभे राहू देऊ नका. वरची वीतभर माती दाणेदार, मोकळी. खाली ढेकळे मोठी होत जातात. आणखी खाली एखादे ढेकूळ सुरीच्या टोकाने अलगद सोडवले, की त्याच्या अंगावर तिरकी, गुळगुळीत तकाकी दिसते. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आकसणाऱ्या स्मेक्टाइट चिकणमातीने ढेकळावर ढेकूळ घासून ती आणलेली असते. बोट फिरवले की कळते. पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत मी दरवर्षी विचारत आलो, ‘ही तकाकी कुठे पाहिलीस?’ आणि उत्तर मिळत आले, ‘पुस्तकात, सर.’

अभ्यासक्रमाच्या बैठकीत काही सहकारी म्हणतात, मृदानिर्मितीची प्रकरणे कमी करा, मुलांना खताची शिफारस करता आली की पुरे. त्यांना मी मोर्शीकडची एक संत्राबाग सांगतो. पाने पिवळी, शेंडे वाळत चाललेले. वरच्या मातीचा अहवाल बरा होता. जस्त आणि लोहाच्या फवारण्या लिहून दिलेल्या होत्या, शेतकऱ्याने त्या इमानाने केल्याही होत्या. आम्ही दोन झाडांच्या मधे खणले. दोन फुटांवर पांढरट थर लागला. विरल आम्लाचे थेंब टाकताच तो फसफसला. झाडांची मुळे तिथवर येऊन आडवी वळली होती. इतकी चुनखडी खाली असताना फवारणी काय करणार? तो माणूस खड्ड्याच्या काठावर बसून एवढेच म्हणाला, ‘साहेब, लावायच्या आधी कुणी खणलं का नाही?’

माझ्या दृष्टीने त्या दिवशी तो वाद मिटला. सेंद्रिय की रासायनिक, हा आपला दुसरा आवडता वादही मी तिथेच मिटवतो: त्या थरापुढे शेणखतही हतबल आणि डीएपीही. तरुण सहकारी उपग्रहाचा आणि हातातल्या संवेदकांचा आग्रह धरतात. जरूर वापरा. पण उपग्रहाच्या छायाचित्रात वरचा पापुद्रा दिसतो. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात सोडियमने घट्ट झालेला खालचा थर पाणी कसे अडवतो, हे ओल्या भिंतीला हात लावल्याशिवाय समजत नाही.

१८८३ साली रशियन शास्त्रज्ञ दोकुचाएवने तिथल्या काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला आणि माती हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरला. हे घडले ते मातीच्या उभ्या छेदामुळे. आपण मुलांना पुन्हा दोकुचाएवच्या आधीच्या काळात नेऊन बसवतो आहोत.

वेळ नाही, बस नाही, विद्यार्थी पडला तर जबाबदारी कुणाची, ही कारणे मला तोंडपाठ आहेत. प्रत्येक विद्यापीठाकडे शेकडो एकर प्रक्षेत्र आहे, बसची गरजच काय? एका ठिकाणी आम्ही पायऱ्या आणि पत्र्याचे छप्पर करून एक कायमचा खड्डा राखला होता. कितीतरी तुकड्या त्यात उतरल्या. पुढे वाहनतळासाठी तो बुजवला गेला, विभागाला साधे विचारलेही नाही. मी पत्रे लिहिली, उत्तर आले नाही. ती भिंत आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिच्यातल्या चुनखडीच्या खड्यांची ओळसुद्धा.

तेव्हा कामे सांगतो. तपशील कार्यकारिणीने ठरवावा. प्रत्येक विभागाच्या आवारात एक खड्डा. तोंडी परीक्षा त्याच्यात उभे राहून. छेद कसा वाचावा, याची मराठी पुस्तिका, आणि तिच्यात कोकणातला जांभा, मराठवाड्यातली काळी, विदर्भातली चोपण जमीन, सगळे यावे. एक समिती लागेल. तिच्यात निवृत्त सर्वेक्षक घ्या, ते अजून खणायला तयार आहेत. पाऊस पडला की काळ्या जमिनीत खणता येत नाही, म्हणून खड्डे मेअखेरपर्यंत व्हायला हवेत. ज्या विभागप्रमुखांना आपल्या आवारात जागा मिळणार नाही असे वाटते, त्यांनी आज संध्याकाळच्या सर्वसाधारण सभेत उभे राहून तसे सांगावे. मी पहिल्या रांगेत बसलेला असेन.