डोलकाठी उभी कशावर असते?

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचा वाटतो, त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

मी सॉफ्टवेअरवाला. नोकरी टोरांटोत, आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लेक ओंटॅरिओवर, शिडाच्या बोटीवर. बोट माझी नाही हं, मी फक्त क्रू. बोट आहे अल्बर्ग ३०. कार्ल अल्बर्ग या स्वीडनमध्ये जन्मलेल्या डिझायनरने ती आखली, आणि १९६२ पासून पंचवीसेक वर्षं ती इथेच ओंटॅरिओत बनत होती. लांबी ३० फूट, वजन ९,००० पौंडांच्या आसपास, म्हणजे चार टन. आमची बोट १९६०च्या दशकातली, माझ्या बाबांच्या वयाची!

मालकाचा बेत होता की या उन्हाळ्यात मुलीला घेऊन सरोवर ओलांडायचं, पलीकडे न्यूयॉर्क राज्यात जायचं. मध्ये कित्येक तास दोन्हीकडे किनारा दिसत नाही. तिथे डोलकाठी पडली तर काय, हा प्रश्न आमच्यासाठी खरा होता.

कारण लक्षणं दिसत होती. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा दर दोन-तीन आठवड्यांनी सैल व्हायच्या. आतल्या संडासाचं दार चौकटीत अडकायचं. आणि पाऊस पडून गेला की डोलकाठीच्या बुंध्याभोवती डेकवर पाणी साचायचं. एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं, ‘तारा घट्ट करा, बाकी काही नाही.’

आता इथे जरा गणित बघू. घाबरू नका, दहावीचंच आहे. तार आणि डोलकाठी यांच्यात कोन असतो साधारण १२ अंशांचा. समजा वाऱ्याने डोलकाठी १०० किलोच्या जोराने बाजूला ढकलली. तिला सरळ धरायला तारेत सुमारे ४८० किलोचा ताण लागतो, आणि त्यातला ४७० किलोच्या आसपासचा जोर डोलकाठीला सरळ खाली दाबतो. म्हणजे वारा ढकलतो आडवा, पण बोटीला भार बसतो उभा, आणि तोही जवळपास पाचपट. तारा घट्ट केल्या की हा दाब आणखी वाढतो. खालचा आधार खचत असेल तर घट्ट करणं म्हणजे तो आणखी खचवणं!

मग हा भार जातो कुठे? या बोटीत डोलकाठी तळापर्यंत जात नाही, ती डेकवर उभी असते. डेकखाली आडवी तुळई. जुन्या बोटींमध्ये ती लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली असते. तुळईची टोकं केबिनच्या आडभिंतींवर आणि तिथल्या खांबांवर, आणि खांबांचे पाय खाली तळाशी. जुन्या वाड्याची रचना आठवा: तुळई, खांब, आणि खांबाखाली दगडी तळखडा. लाकडाचा पाय ओलाव्यात राहू नये म्हणून तो दगड. बोटीत नेमका पाय ओलाव्यात असतो.

आमच्याकडे तुळई मधोमध खाली वाकली होती आणि पट्ट्यांचे सांधे उकलले होते. पण ते झालं का? डेकमधून दिव्याची वायर आत यायची, त्या भोकाचं सील गेलेलं. वर्षानुवर्षं थेंब-थेंब पाणी लाकडात. लॉगमध्ये एरर एकीकडे दिसते आणि बग दुसरीकडेच असतो, तसंच हे. नुसती तुळई बदलली असती तर दहा वर्षांनी पुन्हा तेच.

कामाचा क्रम सांगतो, कारण खरं महत्त्व क्रमालाच आहे.

पहिलं, क्रेनने डोलकाठी उतरवली. डोलकाठी उभी असताना तुळईला हात लावायचा नाही, विषय संपला.

दुसरं, डेकला खालून टेकू दिला. हायड्रॉलिक जॅक, वर-खाली जाड लाकडी फळ्या. जॅकचा पाय केबिनच्या फरशीच्या फळीवर ठेवायचा नाही, ती भार घ्यायला केलेलीच नसते. खालच्या भक्कम भागावरच ठेवायचा. मग रोज थोडंथोडं, काही मिलिमीटरच उचलायचं. जुनं फायबरग्लास घाईत उचललं तर तडकतं. दोन्ही कडांना दोरी ताणून आम्ही रोज अंतर मोजायचो. जॅक वर जाऊ लागला तसं संडासाचं दार मोकळं फिरायला लागलं. तेव्हा कळलं, योग्य जागी पोचलोय.

तिसरं, जुनी तुळई काढली, पण फेकली नाही. डेकच्या गोलाईचा साचा करायला ती उपयोगी पडली. अॅश लाकडाच्या पातळ पट्ट्या साच्यावर वाकवून इपॉक्सीने चिकटवल्या. साच्यातून सोडल्यावर असं लाकूड थोडं परत सरळ होतं, म्हणून साचाच जरा जास्त वाकडा केला होता. पट्ट्यांची टोकं इपॉक्सीने नीट बंद केली, कारण लाकूड पाणी पितं ते टोकाकडून.

चौथं, खांबांचे पाय. एक पाय टोचणीने टोचला तर टोचणी आत गेली! तेवढा कुजका भाग कापून तिथे फायबरग्लासचा भरीव ठोकळा बसवला. हाच आमचा तळखडा.

शेवटचं, डेकमधला गाभा. फायबरग्लासच्या दोन थरांमधलं लाकूड डोलकाठीखाली भिजून मऊ झालं होतं. ते काढून तिथेही भरीव फायबरग्लास. आणि वायरचं भोक तिथून हलवून नव्याने सील केलं.

डोलकाठी परत उभी केल्यावर तारांच्या पिळावर मार्करने खुणा केल्या. सहा आठवडे, दोन-तीन वेळा चांगला वारा, आणि खुणा जिथल्या तिथे. मगच सरोवर ओलांडायची तारीख ठरली.

तुमच्यापैकी फार जणांकडे बोट नसेल, माहितीये. पण घरातलं एखादं दार अचानक अडकायला लागलं, तर रंधा मारायच्या आधी एवढं विचारा: वरचा भार कुठून येतोय, कुठे जातोय, आणि वाटेत पाणी कुठे आहे?

तुमचे अनुभव व्हॉइस नोटने नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!